लाइट जायच्या आत

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी नाचणगावच्या घरून काम करू लागले. पुण्याच्या साहेबांची अट होती: रोज संध्याकाळपर्यंत तपासलेला कोड मिळाला पाहिजे, नाहीतर परत या. आमच्याकडे दुपारी लाइट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी म्हातारी. कंपाइल, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर, तासन्‌तास चालायचं; ते मधेच तुटलं की अर्धवट फाइलींवर माझा विश्वास बसत नसे, पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खोलीत आई वॉकर धरून उभं राहायला शिकत होती आणि माझा जीव लॅपटॉपच्या पंख्याच्या घरघरीत अडकलेला.

कंपाइल इतकं रेंगाळायचं, त्याचा सगळा घोळ एका हेडर फाइलीत, म्हणजे बाकीच्या फाइली सुरुवातीलाच ओढून घेतात अशा सामाईक फाइलीत होता. दोन आकड्यांतला मोठा कोणता, एवढंच सांगणारा मॅक्रो. मॅक्रो म्हणजे नुसती चिकटवाचिकटव: नाव दिसलं की कंपाइलच्या आधी त्या जागी मजकूर येऊन पडतो. हा मॅक्रो हाती आलेली गोष्ट दोनदा चिकटवायचा, आणि कुणा शहाण्याने त्याच्या पोटात तोच, त्याच्याही पोटात तोच घातलेला. एकाला जेवायला बोलवावं, त्याने दोघं आणावेत, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघं. विस्तारलेला मजकूर उघडला, तर एका ओळीची पानंच्या पानं झालेली. त्यात ही हेडर जवळजवळ प्रत्येक फाइलीत.

मॅक्रोंच्या जागी मी छोटी, साधी फंक्शनं लिहिली; ती हाती आलेली गोष्ट एकदाच घेतात, मजकूर वाढवत नाहीत. हात लावताना धाकधूक होतीच. जुन्या कोडमध्ये कोण कशाच्या आधाराने उभं आहे, सांगता येत नाही. पण चाचण्या पार पडल्या, तेही लाइट जायच्या आत. पंखा गप्प झाला.

"काऊन वं, मशीन बंद पडली का?" आईने आतून विचारलं.

"नाई, काम झालं."

"मंग आता तुले पुण्याले जा नाई लागत?"

"नाई लागत," मी म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. पाठवलेला कोड पाहून ते भलतेच खूश होते. बाकीच्या प्रोजेक्टांतही असाच गोंधळ आहे म्हणाले, टीमला समोर बसून शिकवावं लागेल, सोमवारपासून इकडेच या. तोंडातून सवयीने "हो सर" निघून गेलं.

वळले तर आई दारात उभी. तिने ऐकलं होतं.

"जाजो तू," ती म्हणाली. "मी करतो माह्यं माह्यं."

तिने वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, तरी तो हलत होता. मला तिचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.