पंचाची सही

काल दुपारी टीव्हीवर एक जुना पोलिसपट लागला होता. त्यातला इन्स्पेक्टर संशयिताच्या खोलीत स्वतःच चाकू ठेवतो आणि मग सगळ्यांसमोर तो शोधून काढतो. कॉलेजात असताना मी आणि दिनकर या प्रसंगाला शिट्ट्या मारायचो.

पुढे दिनकर खरंच फौजदार झाला. एकदा त्याने मला चौकीवर बोलावलं आणि पंच म्हणून पंचनाम्यावर सही मागितली. चोरीचं मंगळसूत्र आमच्या इस्त्रीवाल्या गणपतच्या घरात सापडलं, असं त्यात लिहिलं होतं.

"मी तर काहीच पाहिलं नाही," मी म्हणालो.

"मी पाहिलंय ना. माझ्यावर विश्वास नाही का?"

मी सही केली आणि गणपत आत गेला. चार महिन्यांनी खरा चोर सापडला. खात्याच्या चौकशीत साहेबांपुढे दिनकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पंचांच्या शब्दावर गेलो, साहेब."

मित्राने दगा दिला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. काल मात्र मी पहिल्यांदाच इन्स्पेक्टरऐवजी त्या संशयिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नुसता उभा होता. सुटून आल्यावर गणपतने फक्त आमच्या घरचे कपडे घेणं बंद केलं.