अर्थिंगला तांब्याभर पाणी

हवेत बोलणाऱ्यांचे किस्से खरं तर हवेतच विरायला हवेत. पण आमच्या हॅम मंडळींचे साठतच जातात! हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतः जोडलेल्या वायरलेसवर जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारणारे हौशी लोक. या खुळानेच पुढे मला भाकरी दिली.

खूळ लावलं नांदेडच्या कांबळे सरांनी. मी तिथे रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होतो, ते शिकवायचे. वायरलेसवर एकाने "ओव्हर" म्हटल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनी आमच्याकडून घोटून घेतला होता. एकदा त्यांच्या घरी जेवताना मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काहीच बोलत नाही?"

वहिनी भाकरी वाढत म्हणाल्या, "लग्नाला वीस वर्षं झाली. यांनी अजून ओव्हर म्हटलेलं न्हाई!"

माझा पहिला लांबचा संपर्क जपानचा. आठवडाभर हाका मारल्यावर एकाने ओ दिली. मी धावतच बशीरभाईंच्या रेडिओच्या दुकानात गेलो. माझ्या सेटचे निम्मे पार्ट त्यांच्याच भंगारातले.

"क्या बोल्या?"

"हवामान सांगितलं. तिकडे धो धो पाऊस आहे म्हणाला."

बशीरभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "इत्ते दूर का आदमी मिल्या, और खाली सुन लिया? थोडा इधर भेज बोलना था ना!"

त्या साली आमच्याकडे विहिरींचे तळ दिसत होते.

कोर्स संपल्यावर सेट लातूरजवळच्या मुरुडला घरी आणला. अंगणात तांब्याचा रॉड पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. हे अर्थिंग. ते ओलं राहिलं तर आवाज लांब जातो, म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतायचं. आई लांबच्या विहिरीवरून डोक्यावर घागर आणायची. पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरला.

"माणसाला प्यायला न्हाई, अन् तू जमिनीत ओतून राहिलास?"

"हे सुकलं की माझा आवाज पोचत नाही, आई."

तिने हात सोडला. दुसऱ्या दिवसापासून भांडी विसळलेलं पाणी अर्थिंगला जायला लागलं. ओतायचीही तीच.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला. नव्या कचेरीत खुर्च्या यायच्या होत्या, वायरलेसची खोली मात्र तयार होती. मुलाखत उभ्याउभ्याच झाली.

"छंद?"

"वायरलेस."

"काम काय येतं?"

"वायरलेस."

"मग सुट्टीत काय करता?"

"वायरलेस, साहेब."

साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "घ्या याला. रजा मागणार नाही!"

घेतलं, पण हंगामी. दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. जळकोटकडच्या कुठल्या वाडीला टँकर हवाय, हे रोज सकाळी तिथला वायरलेसवाला माझ्या सेटवर सांगायचा. एका सोमवारी जळकोटचा आवाजच बंद झाला. वायर बदलली, सेटमधले काचेचे व्हॉल्व्ह बदलले, कांबळे सरही नांदेडहून येऊन डोकं खाजवून गेले. कचेरीतले सगळे कचेरीच्या अर्थिंगवर हात धुवायला लागले, साहेबसुद्धा! काही उपयोग नाही. टँकर भलत्याच वाडीला जात होते. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत जळकोट बोललं नाही, तर तुम्ही तुमच्या मुरुडला." मला जेवण जात नव्हतं. नोकरीची भीती होतीच, पण तिकडे बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या असतील, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी नुसतं बटण दाबलं.

"जळकोट बोलून राहिलो! कुठं गेलता रे बाबा पाच दिवस? ओव्हर!"

नोकरी वाचल्याचं सांगायला रविवारी घरी गेलो. आई अंगणात अर्थिंगपाशी वाकलेली, हातात तांब्या. सेट मी केव्हाच लातूरला नेला होता. इथे नुसता रॉड उरला होता.

"आई, हे अजून कशाला?"

"तुझा आवाज जायला पाहिजे न्हवं?" तिने तांब्या पालथा केला आणि पदराने तोंड पुसलं. चेहरा पार उतरला होता. "लई ताप आलता रे. सोमवारपासून पाणी घालणं झालं न्हाई, काल सकाळी उठले तवा घातलं. तुझं काही अडलं तर न्हाई?"