दुर्गाबाईची झोप

जंगलाच्या कुशीत जन्मलेल्या पोरांना जंगल दाखवायला शिबिर भरवावं, ही कल्पना शहरातच सुचू शकते. बालाघाटच्या महिला मंडळाला ती अडुसष्ट साली सुचली. लामत्याच्या अलीकडे, रानाला लागून असलेल्या एका गावात मे महिन्यात सकाळचं शिबिर सुरू झालं. चार ते सहा वर्षांची पोरं झाडाखाली जमवायची, त्यांना पाखरं दाखवायची, पानं-फुलं गोळा करवायची, गाणी म्हणवून घ्यायची आणि ऊन तापायच्या आत घरी सोडायची. मासोळीच्या पिल्लाला पोहायला शिकवण्यातलाच हा प्रकार. पण गावातल्या बायांनी तो आनंदानं मान्य केला, कारण मे महिना विडीच्या तेंदूपानाचा. आया अंधारातच पान तोडायला जंगलात जातात आणि बारकी पोरं मागे घरात भोकाड पसरतात. कुणी ती सांभाळत असेल तर त्याला शिबिर म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, त्यांचं काय जात होतं?

सांभाळायला मंडळानं दुर्गाबाईला नेमलं. बाई चौथी शिकलेली, विधवा, पन्नाशीकडे झुकलेली. घरात खोकणारी सासू आणि ती, एवढाच संसार. शिबिराचं मानधन म्हणजे मिठाला पुरेल तर हळदीला नाही, त्यामुळे तिला तेंदू सुटला नव्हता. इतर बायांबरोबर तीही अंधारात निघायची, वाकून वाकून पान तोडायची, अस्वलाच्या भीतीनं मध्येच हाकारायची आणि सगळ्यांच्या आधी धावतपळत परतून शिबिराला उभी राहायची. दुपारी घरी पानावर पान चढवून पन्नास पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते पान विकत घेतात त्या फडावर न्यायचे. तिथला मोजणीचा मुंशी पुडा सैल दिसला की बाजूला फेकायचा. पाठीचा कणा रात्री जमिनीला टेकला की तो आपला नाहीच असं तिला वाटे. थकवा आधी पाहुण्यासारखा यायचा, आता तो घरचाच झाला होता.

तरीही ती दोन्ही ओढत होती, कारण तिच्यापुढे एक आशा होती. मंडळाच्या अंजनाताई, बालाघाटच्या एका वकिलांच्या पत्नी, पहिल्याच दिवशी बोलून गेल्या होत्या की शिबिर नीट पार पडलं तर पावसाळ्यापासून या गावात कायमची बालवाडी काढू, आणि बाई तुम्हीच. कायमची! सावलीत बसून पोटाला मिळवायचं, पुन्हा कधी जंगलात वाकायचं नाही. दुर्गाबाईनं हे सासूला सांगितलं नाही. बोललेलं फळत नाही अशी तिची समजूत. मनात मात्र दिवसभर तेच.

शेवटच्या दिवशी अंजनाताई पाहायला येणार होत्या. पोरांनी वेगवेगळ्या झाडांची पानं आणायची, ती चटईवर मांडायची आणि प्रत्येकानं एकेक नाव सांगायचं असं ठरलं होतं. आदल्या रात्री सासूच्या खोकल्यानं दुर्गाबाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी जंगलातून निघायलाही उशीर झाला, म्हणून पानांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती तशीच शिबिराच्या झाडाखाली आली. गाठोडं बुंध्याशी टाकलं. पोरांना म्हणाली, जा, एकेक पान आणा, लांब जाऊ नका. मग जरा टेकावं म्हणून ती बुंध्याला पाठ लावून बसली.

जाग आली ती जीपच्या आवाजानं. ती धडपडून उठली, पदर सावरला आणि समोर पाहिलं. चटई रिकामी होती. तिचं गाठोडं सोडलेलं होतं आणि भोवती पोरं गोल करून बसली होती. मध्ये हारीनं पुडे लावलेले. पोरांना पन्नास मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मुठीच्या मापानं पानं घेतली होती. पण पानाला पान, देठाला देठ लावून, पळसाच्या वाखानं नीट आवळून. या गावची पोरं. पानं आणा म्हटलं की त्यांना एकच पान ठाऊक, आणि पानाचं एकच काम.

अंजनाताई जवळ आल्या. त्यांनी पुडे पाहिले, पोरांचे काळपट झालेले हात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. पान कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं. दुर्गाबाईला खोटं सांगता येईना. माझंच, म्हणाली. मग तुमचं काम मुलांकडून करून घेता का, असं त्यांनी सरळच विचारलं. गरज माणसाला शहाणं करते. ती म्हणाली, हातचं काम शिकवत होते, वळण लागावं म्हणून.

अंजनाताईंना ते पटलं. किंबहुना पटावं अशीच त्यांची इच्छा असावी. त्यांना ही बाई आवडत होती. चेहरा निवळला. त्या पोरांपाशी खाली बसल्या, एक पुडा हातात घेतला आणि म्हणाल्या, बाईंनी किती छान शिकवलं तुम्हाला.

शेजारच्या पुनारामची सरिता, पाच वर्षांची, जिभेची तिखट. तिला हे श्रेय बाईला देणं मान्य नव्हतं.

"बाईनं नाही शिकवलं," ती म्हणाली. "माह्या मायनं शिकवलं. बाई झोपलती. लय थकली हाय ते. म्हून आम्ही तिचे पुडे बांधून देल्ले."

अंजनाताई हसल्या. सरिताच्या गालाला हात लावून त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या की असं खोटं बोलू नये बाळा, बाई कशाला झोपतील. सरिता गोंधळली. तिनं मान वर करून दुर्गाबाईकडे पाहिलं.

आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी काम झालं असतं. बालवाडी मिळाली असती, पोरगी दोन दिवसांत विसरली असती. दुर्गाबाईला हे सगळं कळत होतं. पण आजवर तिचं काम कुणी हातातून घेतलं नव्हतं. नवरा होता तेव्हा त्यानंही नाही, सासूनंही नाही. घेतलं ते या मुठीएवढ्या पोरांनी, न सांगता, तिची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता बसून. त्यांनाच खोटं ठरवायचं?

"पोरगी खरं बोलते, ताई," ती म्हणाली. "मी झोपलती."

अंजनाताईंनी तिला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं की पोरं एवढीशी, जंगल पाठीशी, विहीर हाकेच्या अंतरावर. बालवाडीला कुणी तरुण बाई पाहावी लागेल. राग धरू नका. दुर्गाबाईनं राग धरला नाही. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती, आणि हेच तिला जास्त लागलं. विहिरीचा विचार मनात आला तशी ती पोरं मोजू लागली.

जीप गेली. खाऊ वाटून झाला, पोरं पांगली. दुर्गाबाईनं पुडे फडक्यात बांधले, डोक्यावर घेतले आणि घराची वाट धरली. सरिता तिच्या पदराला धरून चालत होती.

"बाई, उद्या काय आणाचं?"

"उद्या काही नाही. शिबिर संपलं. उद्या तुमाले सुट्टी."

सरितानं थोडा विचार केला. "तुले बी?"

उद्या अंधारातच पुन्हा पान तोडायला निघायचं होतं. मघाशी ताईंपुढे खरं बोलताना दुर्गाबाईला जेवढं जड गेलं नव्हतं, तेवढं आता गेलं.

"हौ," ती म्हणाली. "मले बी."