एकशे ऐंशी सेकंद

"मोजमापाला जात नसते," असं आमचे चीफ केमिस्ट म्हणायचे. पाहुण्यांना लॅब दाखवताना तर हमखास. त्यांचा चहा कपबशीत यायचा, माझा बीकरमध्ये. बीकर स्वच्छ असायचा. मीच धुवायचे.

त्या सकाळी त्यांनी मला खाली तेलाच्या टाकीपाशी बोलावलं. सगळे कामगार उभे. रिपोर्टचा कागद माझ्या तोंडासमोर नाचवत ते म्हणाले, "गिअरचं तेल चव्वेचाळीस? साडेचारशेच्या आसपास पाहिजे. हे तेल आहे की सरबत?"

कोणीतरी हसलं.

"भांडं रॉकेलने धुतलंस, पुसलं नाहीस. नमुना पातळ झाला."

"सर, मी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा तेच आलं."

"मग दोन्ही वेळा पुसलं नाहीस. तुमच्यात डिग्र्या मिळतात गं. सरकार देतं. अक्कल सरकार कुठून देणार?"

तुमच्यात म्हणजे कोणात, हे विचारायची गरज तिथे कोणालाच पडली नाही.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. घाटकोपरच्या टेकडीवरून उतरून रोज बसने अंधेरीच्या त्या तेलाच्या कारखान्यात जायचे. वडिलांची गिरणी संपात बंद पडली त्याला दोन वर्षं झाली होती. घर माझ्या पगारावर. आणि मी अजून कायम नव्हते.

आमच्या लॅबची एक पद्धत होती. तेल भांड्यात ओतायचं, चाळीस डिग्रीला आणायचं, खालचं भोक उघडायचं, ठरलेलं माप भरेपर्यंत स्टॉपवॉच धरायचं. हे काम माझं. मग केबिनच्या दारात उभं राहून सेकंद सांगायचे. साहेब कुलपातलं कोष्टक काढून त्या सेकंदांचे सेंटिस्टोक, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा, करायचे. सेकंद माझे, सेंटिस्टोक त्यांचे. तेलाला हात लावणं त्यांच्या पदाला शोभत नव्हतं. कोष्टकाला हात लावणं माझ्या जातीला.

भांडी दोन. एक नंबरचं भोक बारीक, पातळ तेलासाठी. दोन नंबरचं मोठं, दाट तेलासाठी. दाट तेल एक नंबरात घातलं तर अर्धा तास टपकत बसतं. दोन नंबरात तीन मिनिटांत उतरतं. म्हणजे दोन नंबरचा एक सेकंद एक नंबरच्या दहा सेकंदांएवढा. कोष्टकात दोन्ही भांड्यांचे रकाने वेगळे; कोणता बघायचा ते साहेब ठरवायचे. पहिल्याच आठवड्यात मी "दोन नंबरचं भांडं, सर," असं सांगायला लागले होते, तर ते म्हणाले होते, "आकडा सांग. भाषण नको."

मी आकडा सांगत आले होते.

ट्रक गेटवर उभा होता. मालकांना उशिराचं कारण हवं होतं. साहेबांनी तिथेच एका ड्रमवर कोरा कागद ठेवला. "लिही. माझ्या निष्काळजीपणामुळे नमुन्यात रॉकेल राहिले. पुन्हा असे होणार नाही. सही कर."

मी लिहायला घेतलं. हे सांगताना आजही लाज वाटते. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत लिहिलं. वळणदार अक्षरात.

टाकीवरचे मालवणचे मामा काठीने तेल ढवळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, ह्या तेलात काठी उभी रवता. पातळ म्हणता कोण?"

माझा हात थांबला. मामा शाळेत गेले नव्हते. त्यांना दिसत होतं. मला तर गणित येत होतं. मग मी कोणाच्या चुकीखाली सही करत होते?

लिहिलेलं मी खोडलं. त्याखाली मांडलं: दोन नंबरचं भांडं. एकशे ऐंशी सेकंद. गुणिले दोन पूर्णांक पंचेचाळीस. चारशे एक्केचाळीस सेंटिस्टोक. त्याखाली त्यांचं गणित मांडलं, एक नंबरच्या हिशेबाने. चव्वेचाळीस. कागद त्यांच्या हातात दिला.

"सर, तुम्ही एक नंबरचा रकाना बघितलात."

त्यांनी कागद वाचला. आकडा बरोबर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "तुला कोष्टक कोणी दाखवलं?"

"कॉलेजच्या लायब्ररीत मिळतं, सर. कार्डावर."

ते वर गेले. दहा मिनिटांनी खाली आले. "माल ठीक आहे, भरा," एवढंच, तेही मामांना. माझ्याकडे वळून, कागद परत देत हळू आवाजात म्हणाले, "तो कागद फाडून टाक."

"नाही."

कारखान्यात लागल्यापासून मी त्यांना हा शब्द पहिल्यांदा बोलले.  

"कागद माझ्याकडे राहील. आणि आजपासून भांड्याचा नंबर, सेकंद, सेंटिस्टोक, सगळं रजिस्टरमध्ये मी लिहीन. खाली सही माझी. सही नाही, तर सेकंदही नाहीत. काढून टाकायचं असेल तर काढा. पण माझ्या निष्काळजीपणामुळे काढलं, असं लिहिता येणार नाही."

मामांची काठी थांबली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना रजिस्टरमध्ये नाही," ते म्हणाले. "कंपनी सुरू झाल्यापासून नाही."

मी वर गेले. रजिस्टर उघडलं, पट्टी घेतली आणि रकाना आखला. अर्धं मिनिट लागलं.