सुंगटांना खायला घालू नको

कोल्हापूरहून तार आली तेव्हा मी बशी घेऊन दादाच्या टाकीसमोर उभी होते. दादाने बजावून ‘करू नको’ म्हटलेलं तेच करत होते...

दादा माझा थोरला भाऊ, मालवणात शाळेत विज्ञान शिकवायचा. पडवीत त्याने काचेची टाकी मांडली होती. तिच्यात समुद्राचं पाणी, खडकाचे दगड आणि मुठीएवढं जिवंत पोवळं. दगडांबरोबर नको ती समुद्रफुलंही आली, म्हणजे फुलासारखे दिसणारे दगडाला चिकटलेले जीव, नखाएवढे, तपकिरी. ती पोवळ्याला डसायची आणि ते बिचारं मिटून बसायचं. एकदा ते पुरतं उमललेलं बघायचं, एवढाच दादाचा ध्यास. एक दिवस तो शाळेत गेल्यावर मी सुरीने सगळी फुलं खरवडली. मोठा पराक्रम केला! पंधरा दिवसांत तुकड्या-तुकड्याचं नवं फूल झालं. दादा रागावला नाही. म्हणाला, “तू तर लावणीच केलंस गो.”

मग त्याने खडकांतून तांबड्या पट्ट्यांची चार सुंगटं, म्हणजे कोळंब्या, शोधून आणली. ती ही फुलं खातात, पण पोट रिकामं असेल तरच. आता आमच्या घरात मांजराला घातल्याशिवाय कोणी पानावर बसत नाही. मला कसं राहवणार? मी गुपचूप बांगड्याचा चुरा टाकायची. सुंगटं माझ्या बोटाशी यायची, फुलं वाढत राहायची, आणि दादा टाकीला नाक लावून विचारात पडायचा. शेवटी चोरी पकडलीच त्याने.

पुढे दादाचं छातीचं दुखणं वाढलं. फोंडाघाटातून कोल्हापूरला न्यायला गाडी दारात उभी, आणि हा बाबा पायरीवर थांबून मला सांगतो, “गो बाय, तेंका खावक घालू नको हां. भुकेली रवली तरच कामाक लागतली.” माझ्याशी त्याचं ते शेवटचं बोलणं. मी त्याच संध्याकाळी चुरा टाकला.

मग ती तार आली, दादा गेल्याची. सुतकात चूल पेटली नाही. शेजारणी डबे आणायच्या, वहिनीला दोन घास भरवताना दिवस सरायचा. टाकीचं भान कोणाला? तेराव्याला पाहुणे गेल्यावर पडवीत आले, तर टाकीत एकही फूल नव्हतं. पोवळं सगळं उमललं होतं... मी खरी रडले ती तेव्हा. दादा असताना थोडे दिवस ऐकलं असतं, तर त्याने हे डोळ्यांनी पाहिलं असतं.

आता फुलं संपली, म्हणून सुंगटांना घालावंच लागतं. रोज सकाळी बशी घेऊन उभी राहते. पण लगेच टाकत नाही. मागून कोणी ‘नको’ म्हणतंय का, म्हणून जरा थांबते.