कनिपानं उभा केलेला चौथा खांब

माझी वहिनी कनिपा एकतीस वर्षं आकाशाकडे बघायची नोकरी करत होती. आमच्या कराकुदुक वस्तीच्या टोकाला हवामानाचं ठाणं आहे: एक खोली, एक लोखंडी मनोरा आणि ढगांची उंची मोजायला सरळ वर तोंड केलेला एक मोठा दिवा. दर तीन तासांनी वहिनी बाहेर यायची, थंडी मोजायची, वारा मोजायची आणि वर जे दिसेल ते लिहून ठेवायची. तारा तुटला की आम्ही सगळे घाईघाईने पुटपुटतो, "माझा तारा वर आहे, माझा तारा वर आहे," म्हणजे तुटला तो दुसऱ्या कुणाचा तरी, मरणारही दुसराच. वहिनी तेवढ्यात घड्याळ बघायची. ती नवी नवरी होऊन आली तेव्हाच माझी आई म्हणाली होती, "ही बया मरणाऱ्याचीसुद्धा आधी वेळ लिहून घेईल, मग रडेल."

माळावर रात्री दिसणाऱ्या प्रत्येक उजेडाला तिच्याकडे कारण असायचं आणि लोकांच्या गोष्टींची मजा घालवायची तिला वाईट खोड होती. दुयसेन आजोबांना पहाटे कबरस्तानावर हिरवट दिवा दिसला. ही म्हणाली, "शोल्पान आहे आजोबा, शुक्र. जमिनीलगत आला की तो रंग बदलतो." एकदा संध्याकाळी आकाशभर पांढरी पिशवी फुगल्यासारखी पसरली, बायका मुलांना घेऊन आत पळाल्या. ही अंगणात उभी राहून म्हणाली, "रॉकेटचा धूर. आपल्याकडे सूर्य बुडालाय, इतक्या उंचावर अजून आहे." सगळ्यात जास्त चेष्टा करायचा तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ ओराझबाय. ती जेवताना त्याला समजावायची आणि तो मटण चावत "हं, हं" करायचा. घोडाही दाणे खाताना मान हलवतो. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तिला कितीदा सांगितलं असेल.

वस्तीतली वीज कायमची गेली, त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जानेवारीत ओराझबायदादा उत्तरेच्या कुरणातून भरकटलेल्या घोड्या आणायला गेला. त्याचा स्वतःचा घोडा लंगडत होता, म्हणून त्यानं झोलदासचा नवा घोडा नेला. झोलदास हा आमचा ट्रॅक्टरवाला. दुपारपर्यंत वादळ झालं, खुरांचे माग पुसले गेले, मग वारा एकदम पडला आणि पारा उणे अडतिसावर गेला. हवेत बारीक बर्फाचा चुरा लटकत होता. तारे नाहीत, चंद्र नाही. दिशा दाखवणारा ध्रुव, आमचा 'लोखंडी खुंटा', तोही दिसेना.

संध्याकाळी सहाला दुयसेन आजोबा ओरडत आले, "बाहेर या! ईशान्येला बघा!"

आकाशात तीन खांब उभे होते. पिवळट, सरळ, न हलणारे, एकाच ओळीत.

आमच्याकडे एक रीत आहे. बर्फात अडकलेला माणूस गवत, खोगीर, जे हाताशी असेल ते पेटवून ओळीत तीन आगट्या करतो. त्या दिसल्या की घरात असेल तो प्रत्येक पुरुष निघतो. न जाणाऱ्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

"दादाच आहे," मी म्हणालो. "झोलदास, ट्रॅक्टर काढ."

"डिझेल कुठंय?" झोलदास म्हणाला. "माझं सगळं गोठलंय. थंडीत चालणारं एकच पिंप आहे, वहिनीच्या जनरेटरचं."

वहिनी ठाण्याच्या पायरीवर उभी होती. ती खांबांकडे बघत होती आणि तिचा चेहरा हरवलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकोसारखा नव्हता. मला त्याचा रागच आला.

"पिंप मिळणार नाही," ती म्हणाली. "त्या आगट्या नाहीत. आग हलते. हे रेल्वे स्टेशनचे दिवे आहेत."

"स्टेशन साठ किलोमीटर लांब आहे, सूनबाई," आजोबा म्हणाले. "मधे टेकडी आहे. म्हातारा झालोय, खुळा नाही."

"दिवा दिसत नाही आजोबा, त्याचा उजेड दिसतो. हवेतले बर्फाचे कण चपटे असतात, बारीक आरशांसारखे. खालचा दिवा वर एकावर एक दिसत जातो आणि खांब तयार होतो. जा, कंदील घेऊन गोठ्यापलीकडे उभे राहा."

आजोबा कुरकुरत गेले. गोठ्याच्या छपरावर, कंदील दिसत नव्हता तिथे, एक फिकट पिवळी रेघ हळूहळू उभी राहिली. आजोबा परत आले तेव्हा दाढीतलं बर्फ पुसत म्हणाले, "माझ्या डोक्यावर होता? मला नाही दिसला."

"ज्याच्या डोक्यावर असतो त्याला नाही दिसत," वहिनी म्हणाली.

"बरं, दिवे तर दिवे," मी म्हणालो. मी गुरांचा डॉक्टर, वस्तीत माझं ऐकतात आणि मला ती सवय लागली आहे. "पण दादालाही ते दिसतच असतील ना? त्याला वाटेल ती वस्ती आहे. तो तिकडेच निघाला असेल."

तेवढ्यात झोलदास खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. तो घोडा स्टेशनच्या बाजूचा आहे. तिथेच वाढलाय. लगाम सैल सोडला तर तो तिकडेच जाणार."

साठ किलोमीटर, उणे अडतीस. पोचणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

"ओराझबाय तिकडे जाणार नाही," वहिनी म्हणाली. "त्याला खांब म्हणजे काय ते माहीत आहे. सात हिवाळ्यांपूर्वी इथेच उभी राहून मी त्याला दाखवलं होतं. आपण आपला खांब उभा करायचा. ढगांचा दिवा लावायचा. तीन मिनिटं लावायचा, एक मिनिट विझवायचा, म्हणजे बाकीच्या तिन्हींपासून तो वेगळा ओळखू येईल. ते पिंप सकाळपर्यंत पुरेल."

"आणि दादानं तेव्हा ऐकलंच नसेल तर?"

"ऐकलंय."

"वहिनी, तो आयुष्यात तुझं ऐकत आलाय का? जेवताना हं हं करतो तो!"

"मेयराम," ती म्हणाली, "नवरा माझा आहे."

मीच हँडल मारायला गेलो. जनरेटर सुरू झाला. दिवा लागला आणि चुऱ्यातून एक पांढरा दांडा सरळ वर गेला. कुत्री भुंकायला लागली. वहिनी बटणापाशी उभी राहिली, घड्याळ हातात. तीन मिनिटं. एक मिनिट. मी तिला म्हटलं, मी उभा राहतो, तू आत जा. "तू चुकशील," म्हणाली.

एक वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागून राहिला, मग धीर सुटला. पिंपात तिसरा हिस्सा उरला होता. मी झोलदासला उठवलं, दोन डबे घेतले आणि पिंपाशी गेलो. वहिनी आडवी आली.

"सहा तास झाले!" मी ओरडलो. "तो यायचा असता तर आला असता! उद्या तू लिहून ठेवशील, खांब तीन, दिसले अमुक वाजता, आणि माझा भाऊ तिकडे लाकूड होऊन पडलेला असेल!"

हे मी बोललो. आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. एक मिनिट संपलं होतं. वहिनीनं मागे न बघता हात लांब करून बटण दाबलं. उजेडात मला दिसलं, तिच्या पापण्या गोठून चिकटल्या होत्या आणि ती त्या नखानं सोडवत होती. मी डबे खाली ठेवले.

चार वाजून गेल्यावर जनरेटर खोकायला लागला. पिंपाचा तळ दिसत होता. तेव्हाच कुत्री पुन्हा भुंकली, या वेळी उत्तरेकडे तोंड करून.

घोडा पांढरा होऊन आला आणि त्याच्यावर पांढरा दादा. लगाम हातात नव्हता, मनगटाला गुंडाळलेला होता. बोटं मिटत नव्हती.

वहिनी धावली. मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"ओळखलंस ना?" ती म्हणाली. "कण असतात ते, मी सांगितलं होतं तसं. ओळखलंस ना?"

"कसले कण?" दादाचे ओठ हलत नव्हते, शब्द अडखळत बाहेर येत होते. "तिकडे तीन उजेड होते. म्हटलं वस्ती. तिकडेच चाललो होतो. घोडाही खुशीत होता. मग तो ठेचकाळला, मी पडलो. उठलो तर पाठीमागे अजून एक. तो विझला. परत लागला. परत विझला. म्हटलं, आकाशातली वस्तू असं घड्याळ लावून विझत नाही. एवढ्या थंडीत घड्याळ धरून उभं राहणारं माणूस मला एकच माहीत आहे."

"म्हणजे मी इतकी वर्षं जे सांगत होते…"

"त्यातलं मला कधीच काही कळलं नाही, कनिपा. तू बोलतेस ते बरं वाटतं, म्हणून हं हं करतो."

वहिनीनं त्याच्या मांडीवर मूठ मारली. पुन्हा मारली. "मी त्याच भरवशावर तुला सोडलं होतं! तुला कळतंय म्हणून! ट्रॅक्टर जाऊ दिला नाही मी! मारलं असतं रे मी तुला!" ती घोड्याच्या मानेला धरून मोठ्यानं रडायला लागली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी ही वहिनी मला भ्यालेली दिसली.

"आधी मला उतरवा," दादा म्हणाला. "पाय लागत नाहीत मला. मग काय मारायचं ते मार."

आम्ही त्याला उतरवलं. पुढे त्याची दोन बोटं मला काढावी लागली, डाव्या हाताची. पण त्या पहाटे वहिनीनं त्याचे दोन्ही हात आपल्या कोटाच्या आत, काखेत धरून ठेवले होते, आणि दिवा पेटताच राहिलाय, विझवायचा आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.