पापणीवरची गोचीड

बहात्तरच्या दुष्काळात आमची गुरं जगली ती सोनईजवळच्या छावणीत, आणि त्यांच्यासोबत आम्हीही. नवरा गावाकडे खडी फोडायच्या कामावर होता. छावणीत सासू, सासरे, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. डोक्यावर गोणपाटाचं पाल, गुरांपुढे चाऱ्याला उसाच्या वाढ्यांचा ढीग, आणि गोचिड्या इतक्या की बैलाच्या कानात हात घातला तर एरंडीच्या बियांनी भरावी तशी मूठ भरावी. माणसं वाळली, गुरं वाळली, ह्या सटव्या तेवढ्या बाळसं धरून होत्या. मला त्यांचा भारी संताप यायचा.

सासऱ्यांकडे त्यावर एकच इलाज होता, पेटती बिडी. बैल असो की स्वतःची पोटरी, गोचीड दिसली की चटका. पोटऱ्या डागांनी भरल्या होत्या, पण सांगणार कोण? सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "तिला म्हणावं, पाणी दे," असं ते सासूबाईंना सांगत, मी समोर उभी असले तरी. लग्न झाल्यापासून आमचा संसार असाच चालला होता.

एका सकाळी मुलगी डोळा चोळतच उठली. वरच्या पापणीच्या अगदी काठाला मुगाएवढी गोचीड चिकटली होती. सासूबाईंची नजर अधू, त्यांना काही दिसेना. शेजारच्या पालांतल्या बाया जमल्या. एक म्हणाली रॉकेल लावा, दुसरी म्हणाली नखानं उपटा. तेवढ्यात सासऱ्यांनी झुरका मारून बिडीचा निखारा फुलवला आणि नातीसमोर उकिडवे बसले.

"धरा तिला," ते म्हणाले.

पोर जरा हलली असती तर डोळाच गेला असता.

"मामा, बिडी टाका!" मी ओरडले.

सासऱ्यांचा हात हवेतच थांबला. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "पोरीचा डोळा जाईल. मी काढते. तुमी फकस्त तिचं डोकं धरा."

सासूबाईंनी चंचीतून काटा काढायचा चिमटा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हिसका मारू नगंस," त्या म्हणाल्या. "पोटाला न्हाई, कातडीला लागून तोंडाला धर. मुंडकं आत ऱ्हायलं की पू हुतो."

माझा जन्म बाभळीच्या काट्यांत गेलेला. काटा झटक्यात उपटायचा, हीच हाताला सवय. तो हात आवरणं फार जड गेलं. सासऱ्यांनी बिडी मातीत खुपसली आणि नातीचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. मी चिमटा पापणीला टेकवून गोचीड धरली आणि हळूहळू सरळ ओढत राहिले. पापणी ताणली, पोर किंचाळली. मी ओढ सोडली नाही आणि वाढवलीही नाही. शेवटी ती सुटली, पाय हलवत, मुंडक्यासकट. सासूबाईंनी ती चुलीत टाकली आणि पापणी कोमट पाण्यानं पुसून घेतली. पोरीनं दोन्ही डोळे उघडले आणि आधी आजोबांच्या मिशा ओढल्या. मी चारचौघांत मोठ्यानं रडले.

दुपारी सासऱ्यांनी आमची अंथरुणं गुरांपासून लांब नेली. जमीन खरवडली, गवताची काडी ठेवली नाही. मी मात्र बोलणी बसायची वाट बघत होते.

दिवस कलताना मी पोरीचे केस आणि काखा तपासत होते, तेव्हा सासरे माझ्यासमोर येऊन बसले. पटका काढून मान खाली घातली.

"कानामागं चावल्यावानी वाटतंय. बघ गं पोरी."

मी बघितलं. काहीच नव्हतं.

"हाय का?"

"न्हाई, मामा."

"मग दुसऱ्या कानामागं बघ," ते म्हणाले.